चारशे सतरा, चारशे अठरा

हॉस्पिटलच्या तळघरात एक लांबट, थंड खोली होती आणि त्या खोलीत, मेणकाकांच्या शब्दांत सांगायचं तर, सव्वा लाख माणसं बिनभाड्याने राहत होती. कुणाचं पित्ताशय, कुणाची गाठ, कुणाच्या मानेवरचा तीळ. नखाएवढा तुकडा, त्याच्याभोवती पांढरं मेण, मेणाच्या पाठीला प्लास्टिकची जाळी आणि जाळीच्या कडेवर नंबर. असा एक ठोकळा म्हणजे एक ब्लॉक. माणूस वरच्या मजल्यावरून बरा होऊन घरी जाई, नाहीतर देवाघरी जाई. त्याचा तुकडा मात्र खाली लोखंडी खणात जसाच्या तसा बसलेला असे. एकतीस वर्षं काका हे ठोकळे ओतत होते. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. बाकी लिफ्टवाल्यापासून लॅबच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांचे ते मेणकाका. घरी बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "अहो मेणकाका, आता जरा वितळा."

सोमवारी दुपारी मोठ्या बाई स्वतः जिना उतरून खाली आल्या, तेव्हाच काकांना वाटलं, काहीतरी आहे. बाई खाली यायच्या नाहीत; माणसाला वर बोलवायच्या.

"कोर्टाचं पत्र आहे," त्या म्हणाल्या. "चार वर्षांपूर्वीचा एक ब्लॉक हवाय. गुरुवारी अकरा वाजता कोर्टाचे कारकून येतील, दोन्हीकडचे वकील येतील, सगळ्यांसमोर सील होईल. काढून ठेवा."

काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पत्र वाचलं. दोन वर्षांपूर्वी एका बांधकामावर उंच क्रेन कोसळली आणि ती चालवणारा जागीच गेला. त्याच्या बायकोने क्रेनच्या कंपनीवर दावा लावला होता; स्वतःसाठी, आणि तो गेल्यावर सात महिन्यांनी जन्मलेल्या मुलीसाठी. कंपनीचं म्हणणं असं, की क्रेन आमची, माणूस आमचा, पण मूल त्याचं कशावरून? सहा वर्षांच्या संसारात पाळणा हलला नव्हता. शेवटची दोन वर्षं तर तो कॅन्सरचा रुग्ण होता. मग कोर्टाने डीएनए चाचणीचा हुकूम दिला. पण मुलीचा डीएनए ताडून बघायचा कुणाशी? देहाची राख झाली होती. माणूस अनाथाश्रमात वाढलेला; आई नाही, बाप नाही, भाऊबहीण नाही. त्याचा कंगवा, वस्तरा, कपडे केव्हाच गेले होते. जगाच्या पाठीवर त्याच्या अंगाचं म्हणून एकच काही शिल्लक होतं. चार वर्षांपूर्वी या हॉस्पिटलात त्याचा एक तीळ काढला होता, तो.

त्या वर्षाचा ब्लॉक नंबर चारशे सतरा.

काकांनी पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. सव्वा लाख नंबरांतले दोनच नंबर त्यांना पाठ होते. एक चारशे सतरा. दुसरा चारशे अठरा.

"काय झालं? सापडेल ना?" बाईंनी विचारलं.

"सापडेल," काका म्हणाले. "इथून काही हरवत नाही."

आता ते दोन नंबर पाठ का होते, ते सांगायला हवं. तुकडे मेणात घालायच्या कामात एकच मोठा नियम असतो, आणि नव्या माणसाला काका पहिल्या दिवशी तोच शिकवत: एका वेळी एकच डबी उघडायची. तुकडा नंबर घातलेल्या जाळीच्या डबीतून येतो. झाकण उघडायचं, तुकडा चिमट्याने साच्यात ठेवायचा, वरून वितळलेलं मेण, त्यावर त्याच डबीचा नंबरवाला तळ. मेण थिजलं की पुढची डबी. कारण डबीबाहेर आलेल्या तुकड्याला तोंड नसतं. तो कुणाचा, हे सांगायला नंबराशिवाय कुणी नसतं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी काकांनी चारशे सतरा उघडली, तुकडा साच्यात ठेवला, आणि फोन वाजला. त्यांच्या लेकीचे दिवस भरले होते. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. एका हातात फोन धरून, जावयाचा आवाज यायची वाट बघत, सवयीच्या दुसऱ्या हाताने त्यांनी चारशे अठराही उघडली आणि तो तुकडाही शेजारच्या साच्यात ठेवला. "मुलगी झाली, बाबा! दोघी सुखरूप आहेत!" जावई ओरडला. मग काय! आजोबा झालेल्या माणसाने खोलीभर चक्कर मारली, वर फोन केला, खाली फोन केला, लिफ्टवाल्याला मिठी मारली आणि काका डोळे पुसत टेबलाशी परत आले, ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूने.

समोर दोन साचे, दोन तुकडे, दोन उघडी झाकणं. दोन्ही तीळ एका दिवशी काढलेले, दोन्ही वाटाण्याएवढे, दोन्ही काळे.

डावीकडचा चारशे सतरा. एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. पण डावीकडचा, म्हणजे कुठून बघताना? क्षणभर हात थांबला. शंका आली. आणि देवाने इतकं भरभरून दिलेल्या दिवशी असली शंका मनात आणणं त्यांना पापासारखं वाटलं. त्यांनी मेण ओतलं. आठ दिवसांनी अहवाल गेले. चारशे सतरा: कॅन्सर. चारशे अठरा: साधा तीळ, काही करायला नको. त्या दिवसापासून तो खण आला की काका दुसरीकडे बघून पुढे जात.

मंगळवारी दुपारी खिडकीच्या काचेवर टकटक झाली. बाहेर तिशीची एक बाई उभी होती. ब्लाउजच्या खांद्याला सुईदोरा तसाच टोचलेला, कडेवर दीडेक वर्षांची मुलगी.

"काका, चारशे सतरा इथेच राहतो का?"

"तुम्ही कोण?"

"त्याची बायको. मी पडदे शिवते, दुपारची सुट्टी घेऊन आलेय. आणि ही त्याची लेक, कोर्टाचा निकाल लागला की." ती हसली. हसू खोटं नव्हतं, आणि त्याचीच काकांना धडकी भरली. "एकदा बघू द्या ना. नियमात बसत नसेल तर लांबून. जाळल्यावर माझ्या हाताला काही लागलं नाही हो."

नियमात बसत नव्हतं. तरी काकांनी खण उघडला, ब्लॉक काढला आणि काचेच्या आतून धरला. मुलीने काचेवर हाताचा पंजा मारला.

"बघ, बाबा," आई तिला म्हणाली. "केवढासा झालाय बघ. एरवी दारातून वाकून यायचा."

काकांनी ब्लॉक खाली ठेवला.

"तुम्हाला भीती नाही वाटत, बाई? चाचणीची?"

"भीती? अहो, मी तर दिवस मोजतेय. हुकूम व्हायच्या आधी वकील म्हणाले, नको म्हणायचा हक्क आहे तुम्हाला. म्हटलं, नको कशाला? गल्लीतल्या बायका माझ्याकडे बघून पदराआड कुजबुजतात. माझी सख्खी जाऊ असती तर तीही कुजबुजली असती; नशीब माझं, त्याला भाऊच नव्हता. एकदा कागद येऊ दे हातात, दाराला चिकटवणार आहे. सहा वर्षं मूल नाही म्हणतात! त्यालाच नको होतं. म्हणायचा, ज्याने बाप बघितला नाही तो बाप कसा होणार? मग हे कॅन्सरचं निघालं. दर महिन्याला तपासणी. दीड वर्षाने डॉक्टर म्हणाले, सुटलात. त्या दिवशी घरी आला आणि दारातूनच म्हणाला, आता होऊ दे." ती थांबली. "तुम्ही लोकांनी वेळेत पकडलं म्हणून ही आहे. तुमचे उपकार आहेत, काका."

उपकार. काकांनी चष्मा पुसला.

"तीळ कुठे होता त्याचा?" हे आपण का विचारलं, ते त्यांनाही कळलं नाही. खरं म्हणजे कळलं होतं.

"दंडावर. तिथे एक पाखरू गोंदवलं होतं. कामावरच्या वेल्डरने फुकटात काढून दिलेलं, त्यामुळे पाखरू कमी आणि वांगं जास्त. तीळ नेमका शेपटीत. डॉक्टरांनी तिळाबरोबर शेपटीचा तुकडाही कापला. मी किती हसले! तो म्हणाला, हस, पण शेपटीशिवाय पाखराला वळता येत नाही." तिने मुलीचं नाक पुसलं. पुसून झालं तरी पुसतच राहिली. "बरं, येते. गुरुवारी येईनच."

ती गेली. काकांनी दार आतून लावलं आणि चार वर्षांत न केलेलं काम केलं. दोन्ही नंबरांच्या काचेच्या पट्ट्या, म्हणजे स्लाइड, काढल्या आणि मायक्रोस्कोपखाली घातल्या.

आधी चारशे सतरा. कातडीचे थर, काळ्या पेशींची ती माजलेली, वेडीवाकडी गर्दी. गोंदणाच्या शाईचा मागमूस नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत तीनदा बघितलं. नाही.

मग चारशे अठरा. गरीब, शिस्तीत बसलेला तीळ. आणि त्याच्या बाजूला, कातडीच्या खोल थरात, काजळी झटकावी तसे हिरवट काळे कण. वेल्डरने फुकटात काढलेल्या पाखराची शेपूट.

काका स्टुलावर बसले. म्हणजे क्रेनवाल्याला कॅन्सर नव्हताच. ज्याला होता, त्याला काही नाही म्हणून घरी पाठवलं होतं. आणि परवा अकरा वाजता जो ठोकळा सील होऊन जाणार होता, तो दोन महिन्यांनी सांगणार होता, की ही मुलगी या माणसाची नाही. ते खरंच असणार होतं. त्या ठोकळ्यातला माणूस तिचा बाप नव्हताच. पण कागदावर नंबर चारशे सतरा असणार होता, आणि काचेवर पंजा मारणाऱ्या त्या पोरीला जन्मभरासाठी बाप नसणार होता.

बुधवारी सकाळी ते वर गेले. मोठ्या बाईंनी स्लाइड बघितली.

"गोंदणाची शाई. बरं, मग?"

"ही चारशे अठरा आहे, बाई. गोंदण चारशे सतराच्या माणसाला होतं. त्याची बायको सांगून गेली."

बाईंनी डोळा भिंगावरून उचलला नाही. काकांनी चारशे अठराचा जुना अहवाल टेबलावर ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. ‘कातडीत बाहेरच्या रंगाचे कण.’ खाली बाईंची सही. त्यांनी तेव्हा बघितलं होतं, लिहिलंही होतं. फक्त त्या माणसाला गोंदण आहे का, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

"दोन डब्या उघडल्या होत्या?" बाईंनी हळूच विचारलं.

"हो."

"तुम्ही? तुम्ही, काका?"

काकांनी अहवालाची घडी घातली.

"नोकरी किती राहिली तुमची?"

"सात महिने."

बाई उठल्या, दार लोटून परत आल्या. "मग ऐका. हे तुम्ही मला दाखवलं नाही आणि मी बघितलं नाही. कोर्टाने चारशे सतरा मागितलाय, आपण चारशे सतरा देऊ. आपण पोस्टमन. पाकिटात काय आहे, ते आपल्याला माहीत नसतं."

"आणि चारशे अठराचा माणूस?"

"चार वर्षं झाली. तिळाभोवतीची भरपूर कातडी घेऊन कापला होता. काही व्हायचं असतं तर एव्हाना..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाई वाईट नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेलं चांगलं माणूस बघणं काकांना जास्त जड गेलं.

घरी बायकोने ताट वाढलं, आणि काका ते कोर्टाच्या कागदासारखं बघत बसले.

"काय हो, घास का उतरत नाही? आज कुणाचं पित्ताशय आठवलं?"

"अगं, बस जरा."

ती बसली. त्यांनी सगळं सांगितलं. फोन, जावई, दोन झाकणं, टेबलाची पलीकडची बाजू. बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू एकेक शब्दाने उतरत गेलं.

"म्हणजे आपली छकुली जन्मली, त्या दिवशी?"

"त्याच वेळी."

"हे तिला कधी सांगू नका," ती पटकन म्हणाली. मग पाण्याचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं. "आणि त्या दुसरीला काय सांगणार? की तुझा बाप कोण ते देव जाणे?"

"देव जाणतोच. मीही जाणतो. म्हणून तर घास उतरत नाही." काका ताटाकडे बघत राहिले. "पण बोललो तर तो दुसरा माणूस... चार वर्षं सुखाने जगतोय, त्याच्या घरात मी जाऊन..."

"सुखाने जगतोय, कारण त्याला माहीत नाही. अहो, त्याच्या घरात साप तुम्ही सोडलात. आता तो कुठल्या फडताळामागे आहे, तेही सांगणार नाही?"

"नोकरी जाईल. नाव जाईल. पेन्शनचं काय करतील, कुणास ठाऊक."

"जाऊ दे. मी शिकवण्या वाढवीन." डोळे भरले होते, तरी तिने ताट त्यांच्यापुढे सरकवलं. "जेवा. उद्या पाय लटपटायला नकोत."

गुरुवारी बरोबर अकराला सगळे बाईंच्या खोलीत जमले. कोर्टाचे कारकून जाडजूड, घामाघूम, लाख आणि शिक्के असलेली पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. कंपनीचे वकील नीटनेटके, मऊ आवाजाचे. पडदे शिवणारी आणि तिचे वकील. मुलगी आईच्या पायाशी जमिनीवर बसून कागद टराटरा फाडत होती.

"काळजी करू नका, ताई," कंपनीचे वकील म्हणाले. "शास्त्र खोटं बोलत नाही."

"मीही तेच म्हणते," ती म्हणाली.

कारकुनांनी पाकीट उघडलं. "चला. चारशे सतरा."

काकांनी टेबलावर एक ब्लॉक ठेवला. मग त्याच्याशेजारी दुसरा.

"हे काय? मला एकच न्यायचाय."

"हा चारशे सतरा, साहेब. आणि हा चारशे अठरा. मी मेण ओतताना अदलाबदल केली. चारशे सतरात यांचा नवरा नाही. तो अठरात आहे."

काका बोलत राहिले. बोलायला लागल्यावर जीभ अडखळली नाही. दोन डब्या सांगितल्या, फोन सांगितला, पाखराची शेपूट सांगितली. अहवालातली ओळ दाखवली. आपल्या नातीचा जन्म झाला हेही सांगितलं, कारण ते सोडलं असतं तर खोटं झालं असतं.

पडदे शिवणारी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. "म्हणजे त्याला कॅन्सर..."

"नव्हता, पोरी."

"दीड वर्षं," ती म्हणाली. एवढंच. मग तिने मुलीला उचलून छातीशी इतकं घट्ट धरलं, की पोर किंचाळली.

कंपनीचे वकील उठले. आवाज अजूनही मऊ. "छान. परवा दुपारी या बाई तुमच्या खिडकीवर आल्या होत्या. खरं ना? लिफ्टवाल्याने पाहिलंय. आणि आज तुम्हाला दुसरा ब्लॉक आठवतो. उद्या तिसरा आठवेल. जो जुळेल तो बाप! कारकूनसाहेब, असं चालतं का?"

"मी या काकांना ओळखतही नाही!" ती ओरडली.

"ताई, ओळख लागत नाही. दया पुरते."

हे काकांच्या ध्यानात आलंच नव्हतं. त्यांना वाटलं होतं, खरं बोलायचं म्हणजे उडी मारायची. एकदा मारली की झालं. पण खरं बोलूनही ती बाई खोटी पडू शकत होती, आता तर दुप्पट.

कारकुनांनी कपाळ पुसलं. "हे बघा, मी न्यायाधीश नाही. मी दोन्ही सील करतो, तुमचा जबाब लिहून घेतो. पण काका, शब्दावर शब्द काय कामाचा? अदलाबदल झाली हे सिद्ध कशाने होणार?"

काकांनी मान खाली घातली. उत्तर त्यांना काल रात्रीपासून माहीत होतं. ते उच्चारायची वेळ येऊ नये, एवढंच ते देवाकडे मागत होते.

"चारशे सतराचा ब्लॉक ज्याचा आहे, त्याच्या रक्ताने," ते म्हणाले. "चारशे अठरा नंबरचा रुग्ण. त्याचं रक्त या सतराशी जुळलं, तर मी खरा."

"म्हणजे ज्याला कॅन्सर होता आणि सांगितलं नाही, तो?"

"हो."

"आहे तो?"

काकांनी खिशातून चिठ्ठी काढली. जुन्या कागदावरून नंबर उतरवून घेतला होता. मोठ्या बाई अख्खा वेळ दगडासारख्या बसल्या होत्या. पोस्टमनने पाकीट फोडलं होतं आणि खाली त्यांची सही होती. त्यांनी टेबलावरचा फोन उचलला, काकांपुढे सरकवला आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, "बाहेरच्या फोनसाठी आधी शून्य दाबा."

"आम्हालाही ऐकू येऊ द्या," कंपनीचे वकील म्हणाले. बाईंनी स्पीकरचं बटण दाबलं.

घंटी वाजू लागली. एक. दोन. तीन. पडदे शिवणारीचे ओठ हलत होते. ती काय मागत होती? तो जिवंत असावा, हे. आणि तो कॅन्सर त्याचाच निघावा, हेही? काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना दिसलं, की तिलाही आत्ताच ते कळलं. तिचे ओठ थांबले. पाच. सहा. माणूस मेला असेल, तर आपण मारला. सात.

"हॅलो!" भरदार, हसरा आवाज. मागे रेडिओ चालू होता. "कोण बोलतंय?"

"मी... हॉस्पिटलमधून बोलतोय. लॅबमधून. चार वर्षांपूर्वी तुमचा एक तीळ काढला होता."

"अरे वा! एवढ्या वर्षांनी आठवण आली? काय, तीळ परत देताय का?" तो स्वतःच्याच विनोदावर मनापासून हसला. "अगं, रेडिओ बारीक कर. हॉस्पिटलवाले आहेत."

"तुम्ही... बरे आहात ना?"

"ठणठणीत! बस चालवतो, रोज आठ तास. सध्या घरी आहे, महिनाभर पाठीने धरलंय जरा. आणि काखेत एक गाठ आलीय, ती सीटच्या पट्ट्याने आली असणार. बायको म्हणते दाखवा, दाखवा. बायकांचं काय, तुम्हाला माहीतच आहे."

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. कारकुनांचं पेन हातात तसंच राहिलं. कंपनीचे वकीलही आता कुणाकडे बघत नव्हते.

"तुम्हाला इथे यावं लागेल," काका म्हणाले. आवाज आपला आहे असं त्यांना वाटेना. "उद्या सकाळी. रक्त तपासायचंय. आणि... मला तुम्हाला काही सांगायचंय. समोर बसून."

"सांगा की आत्ता."

"नाही. समोर. बायकोला घेऊन या."

पलीकडे रेडिओ बंद झाला होता. हसणंही. तो माणूस बोलला, जपून, लहान आवाजात, जशी कुणी अंधाऱ्या जिन्यावर पहिली पायरी चाचपावी.

"बरं. येतो. उपाशी पोटी येऊ का?"

काकांनी टेबलाची कड धरली. शेजारी मुलगी आईच्या खांद्यावर झोपून गेली होती.

"नाही," ते म्हणाले. "पोटभर जेवून या."